घोट्यापर्यंत समुद्र

गेल्या दीड महिन्यात मी नऊ प्रिंटर नाकारले. एकाची शाई ओल्या बोटाने पसरते म्हणून. एकाला चारच रंग म्हणून. एक आवाज फार करतो म्हणून, तेही डिलाईल रोडवर, जिथे आमच्या खिडकीखाली दिवसभर ट्रक रिव्हर्स येतात. आणि एक नाकारला, कारण त्याच्यात खोट काढायला काहीच सापडेना आणि मला संशय आला.

खरं कारण एकच होतं. प्रिंटर आला की फोटो छापले जाणार, फोटो छापले की प्रदर्शन लागणार, आणि प्रदर्शन लागलं की समुद्राखालचे ते सगळे फोटो मी काढलेत हे कायमचं ठरणार. मी ते काढलेले नव्हते.

झालं होतं असं. जानेवारीत मी आणि माझा ऑफिसातला मित्र लॅन्स डिमेलो मालवणला गेलो. लॅन्स गिरगावचा, खोताच्या वाडीतला. पाण्यात तो मासा आहे, जमिनीवर सेल्समन. त्याच्याकडे पाण्याखाली चालणारा कॅमेरा आहे. तो खाली गेला, दीडशे फोटो काढून वर आला. मी बोटीच्या शिडीवर होतो. शिडीला सहा पायऱ्या. मी दोन उतरलो, पाय ओले झाले, आणि डायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला सांगितलं की माझ्या कानात प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला, "कान अजून लय वर आसत, भावा." त्यानंतर अकरा मिनिटं मी शिडी धरून उभा होतो. शिडीला माझी गरज होती अशातला भाग नाही.

घरी आलो तेव्हा लॅन्सने पाठवलेले फोटो माझ्या मोबाईलवर होते. मी जेवत होतो. आई फोटो बघत होती. तिने एका दमात विचारलं, "अजून भाकरी वाढू? नि हे सगळं तूच काढलंस होय रे?"

तोंडात घास होता. मी मान हलवली. ती भाकरीसाठी होती असं मी पुढचे दोन आठवडे स्वतःला सांगत होतो. दोन्हींसाठी होती.

अप्पा, म्हणजे माझे वडील कोंडीराम गमरे, वय सदुसष्ट. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि चष्मा वर करून एकेक फोटो बघितला. नेहमी ते फोटो बघताना 'हा कोण, ती कोण' विचारतात. त्या दिवशी काही विचारलं नाही. मग उठून गॅलरीत गेले. तिथे बुधाजीकाका दाढी करत होते. काका आमच्या चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी. अप्पा त्यांना म्हणाले, "बुधाजी, गावाला आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. विहिरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. आणि हा आमचा राजरत्न बघ. पाण्याच्या तळाला जाऊन फोटो काढून आला."

काकांच्या अर्ध्या गालाला साबण होता. तसेच ते घरात येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. माझ्या शर्टावर तो साबण राहिला. मी तो पुसला नाही. मला वाटलं, ही शिक्षा असेल तर स्वस्तात सुटलो.

दुसऱ्या दिवशी चाळीच्या गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: "२० मार्च, चवदार तळे सत्याग्रह दिन. पाण्याखालील छायाचित्रांचे प्रदर्शन. छायाचित्रकार: आयु. राजरत्न कोंडीराम गमरे. सर्वांनी उपस्थित राहावे."

मी लॅन्सला फोन केला. "लॅन्स, फोटो तू काढलेस असं मी घरी सांगतो."

"येडा झाला काय? माझं नाव कुठे पण टाकू नको, मॅन. मम्मीला वाटतं मी वसईला रिट्रीटला गेलेलो. तीन दिवस प्रेयर. तिने माझ्यासाठी मेणबत्ती पण लावली."

म्हणजे खरं बोलायला निघालो तर वाटेत लॅन्सच्या मम्मीची, कार्मेन आंटीची, मेणबत्ती. मला बरंच वाटलं, हेही सांगून टाकतो.

पहिले प्रिंट आम्ही दादरच्या एका स्टुडिओत काढले. माझी अपेक्षा होती की तिथेच विषय संपेल. पण अप्पा संपाच्या आधी सहा वर्षं गिरणीत रंगखात्यात होते. पुढे गिरणी गेली, हॉस्पिटलात वॉर्डबॉय झाले, तिथूनच रिटायर झाले, पण रंग बघायची सवय रंगखात्यातलीच राहिली. त्यांनी स्टुडिओतला प्रिंट घेतला आणि सरळ दुकानाबाहेर फुटपाथवर गेले. खिशातून निळ्या कापडाचा तुकडा काढला. जयंतीच्या झेंड्यातून उरलेला. तो प्रिंटवर ठेवला.

"हिरवा मारतोय," ते म्हणाले.

स्टुडिओवाला म्हणाला, "काका, आत बघा ना, आत बरोबर दिसतो."

"ट्यूबखाली रंग खोटं बोलतो," अप्पा म्हणाले. "उजेडात आणला की कबूल होतो."

मी उजेडात उभा होतो. दोन पावलं मागे सरकून छपराखाली आलो.

दुसरा प्रिंट जांभळा मारत होता. तिसऱ्याला स्टुडिओवाल्याने हात जोडले. मग अप्पांनी ठरवलं: मशीन घरी आणायचं, आपल्या हाताने छापायचं. आणि कुठलं आणायचं ते राजरत्न बघेल, त्याला कळतं.

मला काहीच कळत नव्हतं. पण वेळ काढायला ज्ञानासारखी दुसरी वस्तू नाही. मी दीड महिना वाचत बसलो. पाण्यात खाली गेलं की आधी लाल रंग नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी निळाच उरतो, म्हणून साध्या चार रंगांच्या मशीनला ते निळे नीट पकडता येत नाहीत. पातळ, डायची शाई चकचकीत दिसते पण दमट खोलीत लवकर उडते. दाट, पिगमेंटची शाई टिकते, पण मशीन आठवडाभर चालवलं नाही तर त्याचं तोंड बुजतं. मी हे सगळं अप्पांना सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "म्हणजे हा पण नको."

गंमत अशी की अप्पांना ते आवडायला लागलं. "म्हणजे आमच्यासारखंच की रे," ते म्हणायचे. "डाय वेगळा, पिगमेंट वेगळा." रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की खुर्ची सरकवून बसायचे. "बोल. आज कुठला नापास?" सत्तावीस वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. एका थापेवर आमचं इतकं छान चाललं होतं की मला जेवण जाईना. आईने मला ओवा दिला.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अप्पा म्हणाले, "चल, लॅमिंग्टन रोडला. आज घेऊनच यायचं."

दुकानात मी शेवटची अट टाकली, जी कोणी पुरी करणार नाही अशी. "मोठ्या कागदावर छापणारा हवा, सहा रंगांचा, आणि फोटोत जिथे काळोख आहे तिथलंही डिटेल दिसलं पाहिजे."

दुकानदार म्हणाला, "आहे ना." आणि खाली वाकून खोकं वर काढलं.

अप्पा चाचणीचा प्रिंट घेऊन फुटपाथवर गेले. निळा तुकडा ठेवला. बराच वेळ उभे राहिले. एक हातगाडीवाला त्यांच्यामुळे थांबला, त्यानेही वाकून बघितलं आणि म्हणाला, "सेम है, चाचा." झालं. प्रिंटर पास.

आमची खोली दहा बाय बाराची. प्रिंटर मोठा. आईने मिक्सर पिठाच्या डब्यावर ठेवला, पिठाचा डबा कॉटखाली सरकवला, आणि कॉटखालच्या बॅगा शेजारच्यांकडे पाठवल्या. प्रिंटर ओट्याच्या शेजारी बसला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी बरोबर त्याच्या वर. छापायला बसलो की दोघंही माझ्याकडे बघायचे.

सहा फोटो छान आले. प्रत्येक प्रिंट बाहेर आला की अप्पा गॅलरीच्या उजेडात न्यायचे आणि आई माशांचा निकाल लावायची. "हा तळायला बरा. हा काट्याचा. ह्याला कालवणात घातलं तर घर सोडून जाशील."

सातवा फोटो खालून वर काढलेला होता. बोटीचा तळ, वर चकाकणारं पाणी, आणि कडेला एक काळा डाग. मोबाईलवर तो डागच दिसायचा.

"इथे काळं काय आहे?" अप्पांनी विचारलं.

आणि इथे मी चूक केली. दीड महिन्याचं ज्ञान अंगात भिनलं होतं. त्या क्षणी मी खोटारडा नव्हतो, तज्ज्ञ होतो. "थांबा ना," मी म्हणालो, "काळोख उजळायची सोय आहे ह्यात." मी स्वतः, माझ्या हाताने, ती खूण केली आणि मोठा कागद घातला.

कागद एकेक बोट बाहेर येत होता. आधी पाणी. मग शिडी. मग शिडीच्या दुसऱ्या पायरीवर दोन पाय. घोट्यापर्यंत. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

अप्पांनी प्रिंट उचलला आणि गॅलरीत गेले. मी मागे गेलो. त्यांनी प्रिंट फरशीवर ठेवला आणि चप्पल काढून स्वतःचा डावा पाय त्याच्या शेजारी ठेवला. त्यांचीही करंगळी तशीच आहे. माझ्या आजोबांचीही होती म्हणतात.

"हे वरचे पाय तुझे," अप्पा म्हणाले.

"हो."

"मग खाली कोण होता?"

"लॅन्स."

"सगळे?"

"दीडशेच्या दीडशे."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते त्या पायांकडेच बघत राहिले. "आम्ही ओंजळ धरून खाली बसायचो," ते म्हणाले. "वर बघितलं की आधी पायच दिसायचे. ओतणाऱ्याचे." मग त्यांनी निळा तुकडा ठेवून रंग तपासला. "शेड बरोबर आहे."

"अप्पा, मी सांगणार होतो..."

"रंगखात्यात दुसऱ्याचा लॉट आपला म्हणून कोणी दाखवला नाही. ज्याने केला त्याचं नाव तुकड्यावर लागायचं. फळा पुसून ये."

"आता? सहा वाजलेत, सगळे गेटवर..."

"उजेड आहे तोवर जा."

गेटवर बुधाजीकाका आणि चौघं-पाचजण होते. मी फडक्याने माझं नाव पुसलं. नुसतं नाव पुसायला किती वेळ लागतो हे ज्यांनी पुसलंय त्यांनाच माहीत. लॅन्सला फोन केला. तो आधी शिव्या देत बसला, मग म्हणाला, "टाक. मम्मीला मी बघतो." मी त्याचं नाव लिहिलं.

काकांनी वाचलं. "हा कोण? मग तू काय केलंस रे?"

"एका फोटोत पाय आहेत माझे."

काका कमिटीचे माणूस. ज्याचं त्याला श्रेय दिल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: "पाय: आयु. राजरत्न कोंडीराम गमरे."

वीस तारखेला मंडळाच्या खोलीत दुपारपासून गर्दी होती. लॅन्स आला, त्याच्याबरोबर कार्मेन आंटीही आली, आणि तिने प्रत्येक फोटोपुढे लॅन्सच्या दंडाला एक चिमटा काढला. त्याला सगळ्यांनी जय भीम घातला, त्यानेही घातला. अप्पा मात्र सातव्या फोटोशेजारी खुर्ची टाकून बसले होते. जो येईल त्याला बोट दाखवून सांगत होते, "हे माझ्या मुलाचे पाय." टोमणा नव्हता त्यात. तोच तर त्रास होता. लोक वाकून बघत, मग माझ्या चपलांकडे बघत. मी बूट घालायला हवे होते.

फोटो उतरवताना आम्ही दोघंच उरलो. अप्पा टाचण्या डबीत भरत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पाणी कसं होतं रे?"

"थंड होतं."

"आणि चवीला? समुद्राचं म्हणतात फार खारट असतं खोलात."

अप्पा कधी समुद्रात उतरलेले नाहीत. दीड महिना त्यांना हेच विचारायचं असणार, आणि मी त्यांना शाई सांगत होतो.

"तोंड नाही लावलं," मी म्हणालो.

अप्पांनी डबीचं झाकण लावलं. मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत सत्याग्रहाची तारीख लिहिलेली होती, आणि खाली, एक ओंजळ पाण्यासाठी किती माणसं तळ्यापर्यंत चालत गेली होती, ते.