मामावरचा संशय

डोळे मिटा बरं. पहाट झालीय. तुम्ही गोठ्यात गेलात, तर तुमची लाडकी शेळी जागेवर नाही. दावं कुणीतरी नीट सोडून खुंट्याला गुंडाळून ठेवलंय. आणि ओट्यावर बसलेला मामा तुमच्याकडं न बघता चुळा भरतोय. कुणावर संशय येईल?

ही गोष्ट न्हावऱ्याच्या प्रगतीनं लिहिली होती. शाळेतली मुलं शनिवारी इनामगावला, घोड नदीच्या काठी, मोबाइलवर या गोष्टीचा छोटा सिनेमा काढणार होती. पण सुषमा मॅडमनी तिची वही परत दिली.

"शेवटी 'ते स्वप्न होतं' म्हणून मोकळी झालीस. बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं गं. पाचच्या एसटीनं मी शिरूरला जाणार. तोवर शेवट सुधारून आण, नाहीतर स्नेहलची कथा घेऊ."

प्रगतीनं आजोबांना, रखमाजी आबांना गाठलं. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ती वाचू लागली आणि ते कांदे निवडत ऐकू लागले. कथेतली मुलगी शेळीला शोधत तुरे आलेल्या उसात शिरली, तसे ते थांबले.

"चैत्रात उसाला तुरा? त्यो तर थंडीत येतो. चुकलीस पोरी."

"चूक न्हाई आबा, खूण हाय ती. स्वप्न असल्याची!"

"मला काय म्हाईत? मला वाटलं, लिहिणारीनं ऊस बघितलाच न्हाई कवा. आगं, त्या मुलीलाबी खटकू दे की. तुऱ्याकडं बघून थबकू दे जरा, मग शिरू दे आत."

प्रगतीनं तसं लिहून घेतलं आणि शेवट वाचला. "ती जागी झाली. शेळी जागेवरच होती. सगळं स्वप्न होतं."

"आन् मामा?"

"मामानं काय केलंच न्हाई."

"ते खरं. पण तिच्या मनातला संशय कुठं गेला?"

आतून गिताबाई आजी हसल्या. "बबनरावांचं सांगा की तिला!"

आबा ओशाळले. "तरणा व्हतो तवा. माझ्या दोस्तानं, बबनरावानं, कळपातला माझा एडका पळवला, असं सपान पडलं. सकाळी एडका समोर उभा. तरी त्या दिवशी त्याच्या हातचा चहा घेतला न्हाई मी. बिचारा इचारत राहिला, काय चुकलं माझं? काय सांगणार?"

प्रगतीनं शेवटची ओळ खोडली, भराभरा लिहिलं आणि वाचून दाखवलं.

मुलगी जागी होते. शेळी जागेवर आहे. मामा रोजच्यासारखा कोवळा पाला घेऊन येतो. मुलगी पाला घेत नाही. ती दावं सोडते, शेळीला घरात ओढत नेते आणि आपल्या खाटेला बांधते. मामा पाला हातात धरून नुसता उभा राहतो.

आबांच्या हातातला कांदा हातातच राहिला. त्यांनी आवाज खाली आणला.

"खरं सांग, त्या मामाच्या मनात काही व्हतं का?"

तेवढ्यात स्टँडवर पाचच्या एसटीचा हॉर्न वाजला. प्रगतीनं वही छातीशी धरली आणि ती अनवाणीच स्टँडकडं पळत सुटली.