आत्याचा फुटका माल

आत्या आमच्या कारखान्याचे स्टोअर सांभाळते. कारखान्यात शाळांच्या प्रयोगशाळांना लागणारे सामान बनते: स्टँड, क्लॅम्प, तारेच्या जाळ्या, स्पिरिटचे दिवे, प्रिझमच्या पेट्या. काही वस्तू आम्ही घडवतो, काही बाहेरून आणून जोडतो. सगळ्या मिळून तीनशे चाळीस. बाबा मालक, आत्या त्यांची पाच वर्षांनी मोठी बहीण, आणि मी पदार्थविज्ञान शिकून घरी परतलेली मुलगी.

एकोणतीस वर्षे हा कारखाना आत्याच्या एका शब्दावर चालला. तो शब्द म्हणजे "बघते".

प्रकार असा असे. जोडणी विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे फिटरकाका म्हणतात, चेहरा पाडून स्टोअरच्या खिडकीशी येत. क्लॅम्प संपलेले असत आणि माल उद्या निघायचा असे. आत्या रजिस्टर उघडून त्यांच्याकडे वळवी. शिल्लक शून्य. फिटरकाका खिडकीची चौकट धरून तसेच उभे राहत. मग आत्या चष्मा काढी, पदराने पुसे, परत लावी आणि म्हणे, "बघते." खिडकी बंद होई. एक कप चहा होऊन पिऊन संपेल इतक्या वेळाने ती उघडे, आणि कागदात गुंडाळलेले बारा क्लॅम्प बाहेर येत. ते कुठून आले हे कोणी विचारत नसे. विचारले तर पुढच्या वेळी येणार नाहीत, अशी सगळ्यांची समजूत होती. बाबा बाहेर अभिमानाने सांगत की आमची ऑर्डर आजवर एकदाही चुकली नाही, आणि त्याचे श्रेय ते नियोजनाला देत.

ते नियोजन मी परत आल्यावर जवळून पाहिले. विक्रीवाला डायरीत लिही, खरेदीवाला भिंतीवरच्या फळ्यावर, फिटरकाका सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. सिगारेट त्यांनी दहा वर्षांपूर्वी सोडली होती, पाकिटे कुठून आणत कोण जाणे. एका वर्षी काचेची नरसाळी तीनदा मागवली गेली, कारण ती संपल्याचे तिघांच्याही लक्षात आले होते आणि तिघेही जबाबदार माणसे होती. ऐंशी प्रिझमपेट्या पुढच्या सोमवारी देतो, असा शब्द विक्रीवाल्याने एका संस्थेला दिला, तेव्हा प्रिझम आलेले होते. पेट्यांचे लाकूड सुताराने अजून पाहिलेही नव्हते.

म्हणून बाबांनी ईआरपी घेतले. हे सॉफ्टवेअर आमच्या कपाटातल्या संगणकात नसते. ते दूर कुठेतरी मोठ्या संगणकांवर चालते आणि इंटरनेट असेल तिथून उघडते. विक्रीवाल्याने ऑर्डर नोंदवली की स्टोअरमध्ये काय आहे, जोडणीला किती दिवस लागतील, काय मागवावे लागेल, हे सगळे एकाच जागी सगळ्यांना दिसते. बाबांना त्याचे इतके कौतुक वाटले की ते दाढी करताना स्पिरिटच्या दिव्यांची शिल्लक बघू लागले. आत्याने फक्त दोन प्रश्न विचारले. तिथे दुसऱ्यांचीही स्टोअर आहेत का, आणि असतील तर त्यांच्या कोणाला आपले रजिस्टर दिसत नाही ना. आहेत, पण दिसत नाही, असे मी म्हटल्यावर तिने मान हलवली, पण कडीकुलपाशिवाय झोपायला सांगितल्यासारखी.

बाबांनी एक नियम केला. एक तारखेला ते स्वतः मोजणी करणार. स्क्रीनवरचा आकडा आणि फळीवरचा माल यांत शेकडा दोनपेक्षा जास्त फरक निघाला, तर स्टोअर दुसऱ्याच्या हाती देणार. हे सांगताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. मोठ्या बहिणीकडे पाहून त्यांना ते सांगता आले नसते.

"दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या, धाकट्या?" आत्याने विचारले.

बाबा कॅलेंडरलाच म्हणाले, की ते तेव्हा बघू.

स्टोअरचा माल सॉफ्टवेअरमध्ये चढवायचे काम माझ्याकडे आले. आत्या रजिस्टर वाची, मी आकडे भरी. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी रबरी बुचांचे खोके आले. रजिस्टरमध्ये बुचे होती तीनशे सत्तर. बुचे एकेक करून मोजणे मला जमत नाही, म्हणून मी वीस बुचांचे वजन केले, मग खोक्याचे, आणि भागाकार केला. चारशे बारा आली. मी काटा तपासला, पुन्हा वजन केले. चारशे बाराच.

मग मी आत्या जेवायला गेली असताना आणखी बारा वस्तू तपासल्या. कुठे शेकडा सात, कुठे शेकडा बारा, पण प्रत्येक वेळी रजिस्टरमधला आकडा कमी आणि माल जास्त. मोजणाऱ्याची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. ती सतत एकाच बाजूला जाऊ लागली की तिला चूक म्हणत नाहीत. तिच्यामागे काहीतरी कारण असते. इथे ते कारण डबा धुवायला नळावर गेले होते.

आणि ही तर फक्त फळ्यांवरची गोष्ट झाली. शेवटच्या फळीखाली पंधरा खोकी होती, प्रत्येकावर आत्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेले: "फुटका माल, परत पाठवणे." मी वरचे उघडले. आत कागदात गुंडाळलेले क्लॅम्प, नवेकोरे, तेल लावून ठेवलेले.

आत्या दारात उभी होती. मला वाटले होते ती गडबडेल. तिने डबा जागेवर ठेवला, हात पुसले आणि मलाच विचारले, की फुटक्या मालाचे खोके कोणी उघडते का.

मग तिने मला सगळे नीट समजावले, एखाद्या मंद विद्यार्थिनीला समजावावे तसे. चाळीस आहेत म्हणून सांगितले तर चाळीस वापरले जातात. तीस सांगितले तर तिसांत भागते, कुरकुर करत का होईना. उरलेले दहा, रडत येतील त्या दिवसासाठी. मी म्हटले की ते ठीक, पण एक तारखेला बाबा हीच खोकी उघडतील आणि स्टोअर जाईल. त्यापेक्षा खरे आकडे भरून टाकू, चूक माझी होती म्हणून सांगेन.

तिने क्लॅम्प परत खोक्यात ठेवून झाकण लावले. मग म्हणाली, "खरे आकडे भरलेस की सगळ्यांना दिसतील ना? फिटर त्याच्या टेबलावरून बघेल, आहेत म्हणेल, घेऊन जाईल. महिन्यात खोकी रिकामी. स्टोअर राहील गं माझ्याकडे, पण खिडकीशी येईल कोण?"

तेव्हा मला कळले की तिला मोजणीची भीती नव्हतीच.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारले, मोजणी झाली का. मी सांगितले, फक्त फुटका माल राहिलाय. शास्त्र शिकलेल्या माणसाला खोटे बोलताना निदान शब्द तरी काटेकोर निवडता येतात.

दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअरचे मदतपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले. बहुधा ते कोणीच वाचत नाही, कारण एकशे अठराव्या पानावर आत्या होती. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत शिल्लकेच्या खाली एक रकाना होता, जो आम्ही तीनशे चाळीस वेळा रिकामा सोडला होता. त्याचे नाव "राखीव साठा". रोजच्या कामाला हा माल मोजू नये, अडचणीसाठी वेगळा ठेवावा, शिल्लक त्याच्यापर्यंत उतरली की सॉफ्टवेअर स्वतः खरेदीवाल्याला आठवण करील, असे खाली लिहिले होते.

मी आत्याला स्क्रीनसमोर बसवून तो रकाना दाखवला. तिने चष्मा काढला, पुसला, लावला आणि ओळ दोनदा वाचली. तिचे गुपित कोणीतरी छापून टाकले होते, तेही आधीच. तिला राग आला असावा. तो थोडाच वेळ टिकला.

"म्हणजे हे बनवणाऱ्यांच्या घरातही कोणीतरी बाई होती," ती म्हणाली.

मी पुढचे पान उलटले. राखीव मालाला कुलूप घालता येत होते. हवा असेल त्याने स्क्रीनवरून विनंती करायची, आणि ठरवलेल्या एका माणसाने मंजूर केल्याशिवाय माल हलायचा नाही. तो माणूस कोण, असे आत्याने विचारले. त्या जागी मी तिचा कर्मचारी क्रमांक घातला. तो एक आहे, बाबांचा दोन.

त्यानंतर शिल्लकेत आम्ही फळ्यांवरचा आणि खोक्यांतला खरा माल भरला, आणि राखीव साठ्याचे आकडे तिने मला सांगायला सुरुवात केली, रजिस्टर न उघडता. बुचे बेचाळीस. ट्यूनिंग फोर्क तीन, ते कोणाच्याने तुटत नाहीत. लिटमस साठ पुड्या, परीक्षांच्या आधी शंभर. मी रात्री खप आणि माल यायला लागणारे दिवस धरून, सूत्र लावून हेच आकडे काढून पाहिले. दोन वस्तू सोडल्या तर आमचे जवळजवळ जुळले. त्या दोन वस्तूंत सूत्र चुकले होते: तारेच्या जाळ्या पुरवणारा त्याच्या मुलीच्या परीक्षेच्या महिन्यात दुकान बंद ठेवतो, हे सूत्राला माहीत नव्हते.

एक तारखेला बाबा वही, पेन आणि फोन घेऊन आले. फळ्या मोजल्या, जुळल्या. मग त्यांची नजर खाली गेली. हा काय फुटका माल साठवून ठेवलाय, असे म्हणत त्यांनी स्वतःच पहिले खोके ओढले. आत्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली. बाबांनी पंधराही खोकी उघडली, प्रत्येक वस्तू मोजली, फोनवरचा आकडा पाहिला, पुन्हा मोजली. फरक शून्य. ते जमिनीवरच बसले होते, आजूबाजूला कागद आणि क्लॅम्प.

"ताई, हे कधीपासून?"

"तुझी पहिली ऑर्डर वेळेवर गेली ना, तेव्हापासून."

बाबांनी थोडा विचार केला. एकोणतीस वर्षांचे नियोजन त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असणार. मग त्यांनी सगळे क्लॅम्प पुन्हा कागदात गुंडाळले, ते त्यांना नीट जमले नाही, आत्याने त्यांच्या हातून घेऊन परत गुंडाळले, आणि स्टोअर दुसऱ्या कोणाला देण्याविषयी नंतर कोणी बोलले नाही. खोक्यांवरचे अक्षर मात्र तिने पुसू दिले नाही.

आता नरसाळी एकदाच येतात. सोमवारचा शब्द देण्याआधी विक्रीवाल्याला लाकूड कुठपर्यंत आले ते दिसते. फिटरकाकांना आता खिडकीपर्यंत यावे लागत नाही. ते टेबलावरून विनंती पाठवतात. अशा वेळी स्क्रीनवर "मंजुरी प्रलंबित" असे उमटायचे. तो मजकूर बदलता येतो, हे मदतपुस्तकाच्या एकशे एकविसाव्या पानावर आहे. आता "बघते" असे उमटते.

पहिल्यांदा ते पाहून फिटरकाका उठून खिडकीशी आले. का आलात, असे आत्याने विचारले. सवय, ते म्हणाले, आणि चौकट धरून उभे राहिले. अजूनही येतात.

मंजुरीला एक बटण दाबावे लागते. मी मोजले आहे, दीड सेकंद. गेल्या आठवड्यात बाबांनी दातांच्या डॉक्टरांकडे बसल्या बसल्या फोनवर पाहिले की क्लॅम्पची एक विनंती केव्हाची अडकून पडली आहे. त्यांनी मला फोन करून, अर्ध्या बधिर तोंडाने, सॉफ्टवेअर मंद झाले आहे का ते विचारले. मी नोंदी काढल्या. एकूण सतरा विनंत्या, सगळ्या मंजूर, सरासरी चौदा मिनिटे. सर्वांत कमी अकरा.

त्या दिवशी चहाची साखर संपली होती.