टोपलीवालीचं दार

बाहेरच्या एका संस्थेकडून ठरावीक मुदतीपर्यंत दर महिन्याला, घरातल्या बाईच्या नावावर, थेट फोनवर पैसे येणार आणि ते परत करायचे नाहीत, असं कळलं तेव्हा गावात कोणाचाच विश्वास बसला नाही. "वाणी चिमूटभर मीठ उधार देताना तोंड वाकडं करतो," टोपलीवालीची शेजारीण म्हणाली, "आणि हे अनोळखी लोक फुकट देणार? नंतर काहीतरी मागतील बघ." काय मागतील, ते मात्र कोणी बोललं नाही. तरी पैसे आले. कोणी शेळी घेतली, कोणी छपरावर पत्रे टाकले. एका गड्यानं बायकोच्या पैशांतून स्वतःला बूट घेतले आणि ते चावतात म्हणून हातात धरून गावभर फिरला.

टोपलीवालीनं दार घेतलं.

तिच्या घराला दार कधीच नव्हतं. सासऱ्यांनी घर उभं केलं तेव्हा पैसे चौकटीपर्यंतच पुरले. पुढे त्या चौकटीला गोणपाट लावलं, ते तसंच राहिलं. नवरा लांब खाणीवर दगड फोडायचा, सवड मिळेल तेव्हा घरी यायचा. घरात ती, नजर अधू झालेले सासरे आणि लहान लेक. शिवाय धाकटा दीर होता. तो वेगळा राहायचा, पण हवं तेव्हा गोणपाट सारून आत शिरायचा, कणगीत हात घालायचा, विणलेल्या टोपल्यांतल्या चांगल्या निवडून काखोटीला मारायचा आणि परस्पर विकायचा. तिनं तक्रार केली की नवरा म्हणायचा, "घरचाच माणूस. त्याला काय अडवायचं?"

सुतारानं दार बसवलं, तेलाचं बोट बिजागरीवर फिरवलं आणि आतली कडी तिलाच लावायला सांगितली. कडी बसली तसा घरात एकदम काळोख झाला. लेक हसली. सासऱ्यांनी मात्र तोंड चुलीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दीर आला, दाराला धडकला, खांदा लावून बघितला, दोन शिव्या हासडल्या आणि गेला. आत टोपलीवाली बांबूच्या कामट्या सोलत होती. तिचा हात थांबला नाही. आता धान्य जिथं ठेवलं तिथंच राहायला लागलं. हातात पैसा होता म्हणून व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्यायची घाई उरली नाही. "परवडत नसेल तर राहू दे," असं ती आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी म्हणाली, आणि व्यापाऱ्यानं भाव वाढवून दिला.

त्याच सुमाराला दारावर थाप पडायला लागली.

दिवेलागणीची वेळ असायची. थाप हलकी, खालच्या अंगाला, वाकड्या बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखी. तिनं उघडलं तर बाहेर कोणी नाही. समोर शेजारीण धान्य निवडत बसलेली. "कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मी इथंच बसलेय की."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दिराचाच खोडसाळपणा असणार, असं धरून तिनं लेकीला शेजारणीच्या ओट्यावर बसवलं आणि स्वतः आत कडी लावून थांबली. थाप पडली. तिनं झटक्यात दार उघडलं. लेक ओट्यावरून तिच्याकडेच बघत होती.

"कोण होतं गं?"

"कोणी नव्हतं. दार आपलं आपण हललं."

दार लागल्यापासून सासऱ्यांचं जेवण कमी झालं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "उघडं ठेव ना, सूनबाई. किती वेळ उभी करशील तिला?"

"कोणाला, मामंजी?"

"तुझ्या सासूला. रोज यायची. या वेळेला यायची, चुलीपाशी बसायची, मग जायची. मला वाटलं तुला माहीत आहे."

सासूला जाऊन वर्षं झाली होती. टोपलीवाली चुलीकडे बघत राहिली. चुलीच्या उजव्या अंगाला मोकळी जागा होती. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, टोपल्या छपरापर्यंत रचलेल्या, पण त्या जागेवर तिनं कधी काही ठेवलं नव्हतं. लेकसुद्धा तिथून वळसा घालून जायची. असं का, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

"जन्मभर माझ्यामागे लागली होती, घराला दार करा म्हणून," म्हातारा म्हणाला. "दार आलं, आणि तीच बाहेर राहिली."

टोपलीवालीला रात्रभर डोळा लागला नाही. दार उघडं ठेवावं तर दीर आत येणार. बंद ठेवावं तर ती थाप. शेवटी तिनं ठरवलं, थाप पडली की उघडायचं, मामंजी "गेली" म्हणाले की कडी लावायची. तसं केलं. पहिल्या संध्याकाळी तिनं दार उघडलं आणि मान खाली घालून बाजूला झाली. काही दिसलं नाही. चुलीतला जाळ मात्र उजवीकडून कोणी आड बसल्यासारखा एका अंगाला झुकला. म्हातारा पोटभर जेवला.

गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागतो. दिराच्याही कानावर गेली.

एका संध्याकाळी थाप पडली, तशीच हलकी, खालच्या अंगाला. तिनं उघडलं तर दारात दीर उभा. ती बोलायच्या आत तो घरात शिरला. "वहिनी, एवढे पैसे येतात आणि दिराची आठवण नाही?" तो हसत चुलीपाशी गेला आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेवर ऐसपैस बसला. "फोन दे इकडे. बघू तरी किती जमलेत."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. लेक आजोबांना चिकटली.

तेवढ्यात उघड्या दारावर थाप पडली.

दिरानं मान वळवली. चौकट रिकामी होती. दार बिजागरीवर किंचित हललं आणि थांबलं.

"ऊठ," म्हातारा नेहमीच्या आवाजात म्हणाला. "आईच्या जागेवर बसलायस."

दीर उठला. तो भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेला, तिथं अडला, आणि मग दारात कोणी उभं असलं की माणूस अंग चोरून निघतो तसा आडवा होऊन बाहेर पडला. अंगणात त्याला पळता आलं असतं, पण तो हळूहळू, मागे न बघता चालत गेला. त्यानंतर काही हवं असलं तर तो अंगणातूनच हाक मारायचा, तीही दिवसाढवळ्या.

काही काळानं ठरल्याप्रमाणे पैसे बंद झाले. तोपर्यंत टोपलीवालीनं बांबूचा साठा करून ठेवला होता आणि व्यापारी तिच्या दारात येऊन माल उचलायला लागला होता. नवरा खाणीवरून कायमचा परत आला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, "एवढं दार केलंस, मग सताड उघडं का? डास येतात."

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. भीती तिची कधीच गेली नव्हती, पण ती अंगवळणी पडली होती. नवरा ताटावर बसला आणि बसताना, कोणी न सांगता, जरा डावीकडे सरकला.