विना गेलं, दिवस राहिला

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. खरं सांगायचं तर अर्धाच उरलो आहे.

एका कारागिराने माझ्या अंगावर दोन लॅटिन शब्द उलटे कोरले, 'सायनी डाय'. तेव्हापासून मी उलटाच. सुलट दिसतो तो फक्त कागदावर. कोर्टात आलो तेव्हा कारकून म्हणाले होते, "ठसा असावा तर असा." मग वर्षं गेली. मी आपटत राहिलो. कागदापलीकडे कोण हसलं, कोण रडलं, कळत नसे. रबराला घट्टे पडत नाहीत म्हणतात, मला पडले.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी तिथे यायच्या. त्यांच्या सासूचं शिलाई मशीन आपलंच आहे, असा जाऊबाईंनी दावा लावला होता. निकाल लागेपर्यंत मशीन कोर्टाच्या कोठडीत. मावशी हातानेच काज-बटणं करून दिवस ढकलत. दर वेळी त्यांच्या कागदावर मीच पडायचो.

सोबत त्यांचा धाकटा भाऊ असे, सातवीपर्यंत इंग्रजी शिकलेला. एकदा त्याने ठसा वाचला.

"ताई, साइन म्हणजे सही कर. डाय म्हणजे मर."

"सही केव्हाच केली," मावशी म्हणाल्या. "मरायला सवड नाही मिळाली."

कारकून चष्मा पुसत म्हणाले, "अहो, ते इंग्रजी नव्हे, लॅटिन. सायनी म्हणजे विना, डाय म्हणजे दिवस. सुनावणी पुढे ढकलली, दिवस न ठरवता."

"म्हणजे मरच की, जरा सावकाश," भाऊ पुटपुटला.

मला काही वाटलं नाही.

कारकून चष्मा पुसत, मला नाही. शाई वाळून माझं अंग तडकलं. एके दिवशी 'सायनी'चं रबर सुटून पॅडलाच चिकटून राहिलं, आणि मावशींच्या कागदावर नुसतं 'डाय' उमटलं. भाऊ पांढराफटक पडला. मावशींनी कागद परत टेबलावर सरकवला.

"विना गेलं ना? दिवस राहिला. आता कोणता, ते लिहा."

कारकून कागद घेऊन न्यायाधीश साहेबांकडे आत गेले. म्हणतात, साहेब एवढे हसले की छताचा पंखा उलटा फिरू लागला. मी पाहिलं नाही. पण कागद बाहेर आला तेव्हा माझ्या ठशाशेजारी साहेबांच्या हातची तारीख होती, पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारची.

त्या मंगळवारी मशीन मावशींचं ठरलं. कोठडीत गंजून त्याचा एक पाय आखूड झाला होता. मला तर कारकुनांनी टोपलीत टाकलं होतं. मावशींनी वाकून उचललं. "हा चालेल," म्हणाल्या.

आता मी त्या पायाखाली असतो. मित्रांनो, शिक्का वापरून झाला की पुसून ठेवावा, असं मी सांगायला हवं. पण मला कोणी पुसलं असतं, तर मावशी अजून त्याच बाकावर असत्या. तेव्हा एवढंच करा, आपटण्याआधी खाली कोणाचा कागद आहे ते बघा.

मशीन चाललं की माझा दांडा थरथरतो. बधिर मी अजूनही आहे. पण हल्ली ती थरथर थांबली, की मला कळतं.