चुलीत घातलेला गेम बॉय

अपेक्षाला शाळेनं प्रकल्प दिला होता, 'घरातल्या जुन्या वस्तूचा इतिहास'. त्यासाठी तिचा बाप मनोज तिला घेऊन अकोल्याहून थेट अमरावतीला आईकडे आला. मैनाबाई ओसरीवर झेंडूचे हार ओवत होत्या.

"माय, माया गेम बॉय आठवते का? दहावीच्या साली तू चुलीत घातला तो?"

सुई मैनाबाईंच्या बोटात घुसली.

"आठवते. जयला तो."

खरं तर तो जळलाच नव्हता. मनोज सहामाहीत गणितात नापास झाला, तेव्हा त्यांनी तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम हिसकावून चुलीपुढे नेला होता. पण पोराचं वाटोळं करणारं हे आहे तरी काय, एकदा पाहावं, असं त्यांना वाटलं. पाहिलं. वरून ठोकळे पडत होते. त्या दिवशी भाजी करपली. तेव्हापासून तेहतीस वर्षं तो ज्वारीच्या कोठीत राहत होता आणि रोज दुपारी दार लावून बाहेर निघत होता. सेल शेजारचे शफीकभाई आणून देत. टॉर्चसाठी लागतात, असं त्यांना सांगितलेलं. "इतका टॉर्च तर मेळघाटात बी नाही लागत, भाभी," असं ते एकदा म्हणालेही होते.

मनोज पोरीला सांगू लागला, "लिही. एकोणनव्वद साली जपानात निघाला. हिरवट पडदा, रंग नाई, चार सेल. दुसऱ्या कंपन्यायनं रंगीत काढले, पण ते सेल खात. हा टिकला. एक गेम बॉय तर लढाईत बॉम्बनं जयला, तरी चालू होता!"

आपला तर वरणात पडला होता, मैनाबाईंच्या मनात आलं. त्यांनी पुढचं फूल ओवलं.

"आन ठोकळ्याच्या गेममधे मी नवव्या लेव्हलवर गेलो होतो. त्याच्यापुढं कोणी जाऊच शकत नाई."

"काहून नाई जाऊ शकत?" मैनाबाई फणकारल्या. "उभा ठोकळा येईस्तोवर एका बाजूची पट्टी मोकळी ठेवा लागते. तू भरून टाकत असशील!"

अपेक्षाची पेन्सिल थांबली. मैनाबाईंनी जीभ चावली.

"आजी, तुले कसं माहीत?"

शेवटी कोठी उघडावी लागली. बटणं झिजलेला गेम बॉय हातात घेताना अठ्ठेचाळीस वर्षांचा मनोज पोरासारखा रुसला.

"मी त्या दिवशी जेवलो नव्हतो, माय!"

"मी बी नव्हती जेवली. भाजी करपली होती ना."

रागारागात तो खेळायला बसला आणि चौथ्या लेव्हललाच मेला. मैनाबाईंनी चष्मा सारखा केला, यंत्र काढून घेतलं आणि बारावी लेव्हल गाठली.

"तुये बाबा गेल्यावर दुपार सरे ना रे," पडद्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या. "हे होतं म्हणून."

 निघताना मनोजनं गेम बॉय पिशवीत टाकला. "हा माया हाये. मी नेतो."

"ने न. मंग मी बी अकोल्याले येतो, कायमची."

मनोजनं मुकाट्यानं तो बाहेर काढून ठेवला.

एरवी दिवाळीला तोंड दाखवणारा मनोज आता दर रविवारी अमरावतीला येतो. बायकोला सांगतो, माय थकली आता, पाहायला पाहिजे. मागच्या रविवारी तो सातव्या लेव्हलपर्यंत पोचला आणि अकोल्याच्या दोन बस हुकवल्या.