बाळंतिणीचा हात

ओसरीच्या पायरीवर विष्णुपंत कलंडले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, ताराबाईंनी, पदर नाकाला लावला आणि अनिरुद्धने मोबाईल काढला. सकाळपासून म्हाताऱ्याला जुलाब चालू होते. आता उलटीही झाली, धोतर भरलं. आणि बापाला हात द्यायचं सोडून मुलगा रिक्षावाल्याचा नंबर शोधत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे जाऊन त्यालाच ओकारी आली.

मागच्या खोलीतून सून बाहेर आली. जाई तिचं नाव. लेकरू अजून महिन्याचंही नव्हतं. घराचं सोयर बारशाआधीच फिटलं होतं, विष्णुपंत पुन्हा देवळात पूजेला जायला लागले होते. पण बाळंतिणीचं सोयर या घरात सव्वा महिना पाळायचे. तोवर तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. ताट सासूबाई लांबून सरकवत. जवळा बाजार या गावी तिचं माहेर होतं, पण तिथे आई उरली नव्हती. म्हणून बाळंतपण इथेच, कळमनुरीत.

ती सरळ सासऱ्यांपाशी गेली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं, धोतर सोडवलं, कोमट पाण्यानं अंग धुतलं आणि नवऱ्याची लुंगी त्यांना गुंडाळली. विष्णुपंतांनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. रिक्षा आली तेव्हा ते तिलाच सोडवावं लागलं.

तिला स्वतःचंच नवल वाटलं. हीच जाई गरोदरपणात देवासाठी लोणी कढवायला बसली की तोंड दाबून मोरीकडे पळायची. नवऱ्याच्या डोक्याचं तेल, भिजलेली कणीक, सगळ्यानंच तिला उमासा यायचा. "देवाच्या तुपाची किळस येती व्हय? काहून इतके नखरे करून राहिली?" असं सासूबाईंनी चार बायकांत विचारलं होतं. पोटातलं पोर धड राहावं म्हणून तिचं शरीर काय काय झिडकारत होतं, हे समजून घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. रोज तिलाच चुलीपुढे बसवलं. आणि बाळंत झाली तशी ती किळस अशी गेली, की रक्त, आंबलेलं दूध, लेकराची ओकारी, कशाचंच तिला काही वाटेना. नेमकी तेव्हाच घरादाराला तिची किळस यायला लागली. हिची किळस म्हणजे नखरा आणि त्यांची म्हणजे रीत, हा न्याय कुणी केला कोण जाणे.

सलाईन लावून दिवेलागणीला विष्णुपंत परत आले. ताराबाई दारातच उभ्या होत्या.

"बाळंतिणीनं शिवलंय तुम्हाला. अंघोळ केल्याबिगर आत कसे येऊन राहिले?"

हाताला पट्टी चिकटवलेला तो अर्धमेला माणूस न्हाणीत बसला आणि डोक्यावरून पाणी घेऊ लागला. रोज देवळात लोकांना देवाच्या दयेचं सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी एवढंही म्हणता आलं नाही, की पोरीनं मला वाचवलं. जाई खोलीच्या दारातून बघत होती. तिच्या हातांना अजून साबणाचा वास होता.

सकाळी ते धोतर अंगणात तसंच पडलेलं. वर माशा घोंघावत होत्या. जाई लेकराला पाजून उठली, तशी स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली.

"तू तर शिवलेलीच हायेस. तेवढं धोतर धुऊन टाक. दुसऱ्या कुणाच्यानं व्हायचं न्हाई ते."

अनिरुद्ध चहा पीत होता. तो हळूच म्हणाला की दे ना धुऊन, सकाळी सकाळी वाद कशाला.

धोतर धुणं तिला जड नव्हतं. काल तिनं त्याहून जास्त केलं होतं. पण त्या दोघांकडे पाहून तिला मळमळलं, अगदी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत मळमळायचं तसं.

"तुमच्या वडलांचं आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही धुवा."

मग लेकराला छातीशी धरून ती स्वयंपाकघरात शिरली. ताराबाई म्हणाल्या, अगं, अगं, आणि देव्हाऱ्याआड सरकल्या. जाईनं मांडणीवरचं ताट काढलं, पातेल्यातला गरम भात वाढून घेतला आणि पाटावर बसून जेवू लागली. लेकरू मांडीवर हातपाय हलवत होतं. विष्णुपंत माजघरात पडून होते. त्यांनी कूस वळवून तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मग अंगणात नळ सोडल्याचं ऐकू आलं, पाठोपाठ अनिरुद्धच्या ओकाऱ्या. जाईनं हात लांब करून आणखी भात वाढून घेतला.