ढब्बूचं जेवण

आमच्या घरात भांडणं होत नाहीत. आम्ही बोलतो. बोलताना माझा आवाज जरा चढतो आणि यांचा त्याहून चढतो, पण त्याला भांडण म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचे की बाहेर, खिडकी कोणी उघडी टाकली, असल्या विषयांवर जेवताना चार शब्द होणारच. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायकोने दुसरं बोलायचं तरी काय?

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. ती विमानाच्या अंतरावर, जावई फिरतीच्या नोकरीत आणि तिची सासू स्वतःच अंथरुणाला खिळलेली. आम्ही दोघांनी जायचं यात वाद नव्हता, म्हणजे आमच्याकडेसुद्धा नव्हता. प्रश्न होता ढब्बूचा. ढब्बू आमचा म्हातारा कुत्रा. पोट लोंबलेलं, चाल निवृत्त साहेबाची आणि वर मधुमेह. सकाळ-संध्याकाळ जेवला की त्याला इन्सुलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. जेवलाच नाही तर सगळंच अडतं. मागे एकदा त्याला कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं होतं. तिथे त्याने अन्नाला तोंड लावलं नाही आणि आम्ही परतलो तेव्हा साहेब सलाईनवर होते. तेव्हापासून यांनी कानाला खडा लावला. शेजारपाजारचे ढब्बूचे लाड करायचे, पण सुईचं नाव काढलं की एकेकाला गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

"मग तू एकटीच जा," हे म्हणाले.

"आणि तुम्ही नातवंडाचं तोंड फोनवर बघणार?" मी म्हणाले. त्यावर आम्ही बरंच बोललो.

दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेचा फोन आला. "मी येऊन राहते," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण वन्संनी जन्मात कधी चेष्टा केलेली नाही. त्या ग्रंथपाल होत्या. लोकांना गप्प करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि ती शांतता त्या बहुतेक घरीही घेऊन आल्या. त्यांचे यजमान ध्यानीमनी नसताना गेले, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना वन्सं स्वतः पाणी देत होत्या. डोळ्यांतून टिपूस नाही की तोंडातून शब्द नाही. नातेवाइकांत त्यावर बरीच कुजबुजही झाली. त्यातून कुत्र्याची भीती म्हणाल तर अशी, की आमच्याकडे आल्या की पाय वर घेऊन सोफ्यावर बसायच्या आणि ढब्बू जांभई देऊन आत गेला की मगच खाली ठेवायच्या.

आल्या त्या मात्र सगळी तयारी करून. जनावरांच्या डॉक्टरांकडे स्वतः जाऊन सुई धरायला शिकल्या होत्या आणि घरी संत्र्यावर सराव केला होता. आमच्यादेखत त्यांनी ढब्बूला पहिलं इंजेक्शन दिलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पण हात हलला नाही. भीती नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांचं मला काही वाटत नाही. इतकी भीती घेऊन पुढे सरकणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलं. चिकन किती उकडायचं, भांडं कुठे ठेवायचं, कानामागे कसं खाजवायचं, सगळं. आणि निघालो.

लेकीकडे पोचल्यावर तिसऱ्याच सकाळी फोन आला. लेकीला आता कधीही कळा सुरू होतील, असं डॉक्टर म्हणत होते.

"काल अर्धंच खाल्लं. आज तर वासही घेत नाही," वन्सं म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. दोन्हीकडचे फोन स्पीकरवर होते. "डॉक्टर म्हणतात, आज खाल्लं नाही तर दाखल करा."

"तू चिकन गार दिलं असशील, ताई," हे म्हणाले.

"त्यांना का बोलताय? गार करून द्यायला तुम्हीच सांगितलंत!" मी म्हणाले.

"मी कोमट म्हणालो होतो!"

"कोमट? विमानतळावर जाईपर्यंत गार-गार करत होतात! जाऊ दे, मी परत जाते."

"लेकीला आई हवी की बाप? मी जातो!"

"तुम्हाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, निघाले एकटे!"

"शू!" फोनमधून आवाज आला. तो ऐकून भल्याभल्यांची वाचा बसली असती, आमचीही बसली. मग वन्सं घाईघाईने म्हणाल्या, "अरे, थांबू नका! बोला, बोला! तो खातोय."

आम्ही कान दिला. स्टीलचं भांडं फरशीवर घासत सरकत होतं. ढब्बू जेवताना नाकाने भांडं ढकलत सगळं स्वयंपाकघर पालथं घालतो, तोच तो आवाज. आयुष्यभर तो आमच्या बोलण्याच्या साथीने जेवला होता. वन्संमुळे शांत झालेल्या घरात त्याला जेवायची वेळ झाल्याचं कळणार कसं? आम्ही त्यांना सगळं सांगितलं होतं, एवढंच सोडून. कारण आमच्या घरात भांडणं होतच नाहीत ना!

मग रोज दोन्ही वेळेला आम्ही फोन लावून भांडू लागलो. आता भांडू लागलो असंच म्हणते. पण ठरवून भांडायला बसलं की विषयच सुचेना. एकदा तर हे मला चुकून "बरोबर आहे तुझं" म्हणाले आणि ढब्बूने खाणं थांबवलं.

त्यानंतर एका पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. त्या धावपळीत सकाळचाही फोन राहिला आणि संध्याकाळचाही. नात झाली, आईला आणि बाळाला सुखरूप पाहिलं आणि मग मला ढब्बू आठवला. मी घाबरतच फोन लावला.

"जेवला. दोन्ही वेळा," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही आता बाळाकडे बघा. इथे फोन करू नका."

"पण जेवला कसा?"

"जेवला म्हटलं ना!" इतक्या मोठ्याने त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.

लेक हिंडूफिरू लागली आणि जावई सुट्टी घेऊन घरी आला, तसे आम्ही परत निघालो. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. यांनी बॅगा दाराशी टेकवल्या, तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडल्याचा आवाज आला. आम्ही जागीच थबकलो.

"छातीत दुखतंय म्हणालात, तेव्हाच म्हटलं होतं डॉक्टरकडे चला! तर म्हणे पित्त आहे! मोठे वैद्य लागून गेलात! आणि मी गप्प बसले! शहाण्यासारखी गप्प बसले!"

भांडं फरशीवर सरकलं.

"लोक म्हणतात, रडली नाही. कुणापुढे रडू? ज्यांच्यापुढे रडायचं, ते तर तुम्हीच उठून गेलात! न विचारता!" आवाज चिरकला, थांबला आणि पुन्हा चढला. "ऐका आता! रोज ऐकायचं!"

यांचे डोळे भरून आले होते. बहिणीचा असा आवाज त्यांनी लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता. त्यांनी बेलकडे हात नेला. मी तो धरला.

"जेवू दे त्याला," मी म्हणाले.

यांनी हात खाली घेतला आणि आमच्या संसारात पहिल्यांदाच वाद न घालता माझं ऐकलं. आम्ही दोघं बॅगांवर बसून राहिलो, वन्संचं बोलून होईपर्यंत.